भेरूजीच्या ओटल्याखाली

आमच्याकडे कुत्रा आला तो माझ्या नाकावर टिच्चून. माळव्यातलं आमचं शहर, माधव नगरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन म्हातारी होत आलेली माणसं, बाल्कनीत एक तुळस आणि सोफ्यावर माझ्या हातची क्रोशाची कव्हरं. एवढ्याशा संसारात कुत्र्याला जागा होती कुठे? पण मला विचारतंय कोण. आमचे हे महूला एका जुन्या मित्राला भेटायला म्हणून गेले आणि संध्याकाळी परत आले, तर खांद्यावरच्या झोळीतून एक मिशाळ तोंड बाहेर डोकावतंय. पांढरं अंग, पाठीवर तपकिरी ठिगळ, आखूड पाय, आणि तोंडावर भांडी घासायच्या काथ्यासारखे राठ केस. टेरियर आहे, असं ह्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. मी काही औक्षणाचं ताट आणायला धावले नाही.

त्याचं नाव इथे सांगत नाही. नावं ठेवायचं काम मात्र पहिल्या आठवड्यात मी मनापासून केलं. तुळस उपटली तेव्हा एक ठेवलं, कव्हर फाडलं तेव्हा दुसरं, आणि शेजारच्या काकूंची नवी चप्पल कुरतडली तेव्हा ठेवलेलं चारचौघांत सांगण्यासारखं नाही. कुत्रा हाडाचा कामकरी आहे, त्याला काम नाही म्हणून तो असं करतो, असं हे मला समजावत. मी म्हणायचे, मग तुमच्यासारखंच झालं की.

मी ते बोलून गेले आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. कारण खरी गोष्ट तीच होती.

हे बँकेतून रिटायर झाले तेव्हा आम्ही दोघंही खूश होतो. सकाळी निवांत पोहे-जलेबी खायची, संध्याकाळी टॉवर चौकात मित्रमंडळींत जाऊन बसायचं, असे बेत होते. पहिले काही महिने बरे गेलेही. मग हळूहळू माणूस टीव्हीपुढे बसायला लागला तो उठेचना. आधी टॉवर चौक सुटला, मग रोजची दाढी सुटली, मग बोलणं सुटलं. एरवी चहात साखर जरा कमी पडली तर कपभर नाराजी दाखवणारा हा माणूस; आता चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचासुद्धा नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि कुछ नहीं है, बस मन लगाइए, म्हणून घरी पाठवलं. मन लगाइए म्हणे. मन काय चिकटपट्टीने लावायचं असतं? मी चिडायचे, बडबडायचे, स्वयंपाकघरात जाऊन रडायचे आणि डोळे पुसून बाहेर येऊन पुन्हा बडबडायचे. खरं सांगते, मला फार भीती वाटायला लागली होती. माणूस घरात असून घरात नसणं म्हणजे काय, ते ज्याने सोसलंय त्यालाच कळेल.

अशात कुणीतरी ह्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. विलायतेतले शेतकरी, डोक्यावर चपट्या टोप्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट, शेताच्या कडेला उभे. एकाच्या हातात आपल्या मुंगसासारखा लांबुळका प्राणी, फेरेट त्याचं नाव. तो बिळात सोडायचा. आत पळापळ झाली की उंदीर दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात, आणि तिथे टेरियर टपून बसलेला असतो. ह्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. बसल्या जागीच, पण पुढे झुकून. मला तेवढंही पुरेसं होतं. मग फेरेट कुठे मिळेल ह्याची चौकशी सुरू झाली. तो आपल्याकडे मिळत नाही म्हटल्यावर, मुंगूस पाळलं तर? त्याला वनखात्याचा कायदा आडवा आला, आणि कायद्याच्या आधी मी आडवी आले. मुंगूस दिसलं की त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचं, एवढाच आपला आणि त्याचा संबंध. त्याला घरात आणून ताट वाढायचं नाही, असं मी बजावलं. मग राहिला टेरियर. तो असा आला.

उंदीर मात्र आमच्याकडे आधीपासून होते, आणि मुबलक होते.

नानाखेड्याच्या पुढे, शहर संपलं संपलं म्हणता आणखी एक कॉलनी लागते आणि मग ते खरंच संपतं, तिथे आमची थोडी जमीन आहे. पूर्वजांनी कुठल्याशा दरबारी दफ्तरात कलम घासलं, त्याची ही उरलीसुरली पुण्याई. मोठे दीर आणि हे, अशी दोघांत मिळून. दीर इंदूरला असतात. हे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. जमीन कसायला गावातला एक बटाईदार आहे. निम्मं पीक त्याचं, निम्मं आमचं. त्या हिवाळ्यात गहू असा आला होता की मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढावी. आणि नेमका ओंब्या भरायच्या वेळेला उंदरांनी धुमाकूळ घातला. खातात थोडं, कापतात जास्त आणि ओंब्या बिळात ओढून नेतात. बांधालगतचे पट्टेच्या पट्टे वस्तऱ्याने भादरल्यासारखे दिसायला लागले. बटाईदार हसत हसत म्हणाला की यंदा कापणीचं काम उंदरांनीच अंगावर घेतलंय. हसत होता, पण त्याचा घास जात होता.

तर हे स्कूटरवर पायांशी कुत्रा उभा करून शेतात जायला लागले. मी मागे बसून जायचे. कुत्र्यामागे धावताना हे कुठे खड्ड्यात पडले तर उचलायला कुणीतरी हवं, असं माझं म्हणणं. खरं तर मला बघायचं होतं.

कामाची पद्धत साधी होती. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं चिखलाने लिंपून बंद करायची. सकाळी येऊन बघायचं. जी पुन्हा उघडली ती जागती, जी तशीच बंद ती ओस. जागत्या बिळाची दोनच तोंडं मोकळी ठेवायची, बाकीची बुजवायची. मग एका तोंडाशी मडक्यात गोवरी पेटवून तिचा धूर आत फुंकायचा आणि दुसऱ्या तोंडाशी कुत्रा उभा करायचा. फेरेट नाही तर धूर, ही ह्यांची अक्कल. पहिल्या दिवशी तो धूर उंदरांपेक्षा आम्हालाच जास्त लागला. हे खोकतायत, मी डोळे चोळतेय, कुत्रा शिंकतोय, आणि उंदीर आरामात तिसऱ्याच भोकातून निघून चाललेत. बटाईदाराची बायको पदर तोंडात धरून हसत होती.

पण कुत्र्याला काही शिकवावं लागलं नाही हो. ते त्याच्या रक्तातच होतं. ओस बीळ असलं की तो तंगडी वर करून पुढे जायचा. जागतं असलं की एक पाय उचलून थिजायचा, कान पुढे पडायचे, मिशा थरथरायच्या. उंदीर बाहेर पडला की एक झेप, एक झटका, खाली टाकला, पुन्हा जागेवर. ना भुंकणं, ना मिरवणं. बँकेत असा एक माणूस असता तर आमची शाखा कुठल्या कुठे गेली असती, असं हे म्हणायचे.

एक मात्र गंमत झाली. आमच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि दारात उभं राहून दोन्ही. कुत्रा शिकला घरात, त्यामुळे त्याला कळायची फक्त मराठी. बटाईदार त्याला छोड़, छोड़ म्हणून ओरडून दमायचा आणि हा ढिम्म. शेवटी त्या भल्या माणसाने थांब, सोड आणि इकडे ये एवढी मराठी शिकून घेतली. आता तो बायकोलाही थांब म्हणतो. ती थांबत नाही ती नाहीच.

आणि आमचे हे बदलले. आधी रोजची दाढी परत आली, मग भूक. रात्री जेवताना आज कुठल्या बांधावर काय झालं ते सांगायला लागले, तेच तेच सांगायला लागले, आणि मी तेच तेच ऐकून घ्यायला लागले. एका सकाळी कप खाली ठेवून म्हणाले की साखर कमी आहे. मी आत गेले आणि देवापुढे साखर ठेवली.

आता दादांचं सांगते. दादा दर रविवारी इंदूरहून बसने येऊन नानाखेड्याला उतरायचे, तिथून हे त्यांना स्कूटरवर शेतात घेऊन यायचे. कशासाठी? भेरूजीसाठी. बांधाच्या टोकाला निंबाखाली भेरूजीचा ओटला आहे. माळव्यात शेतोशेती असतो तसा, शेंदूर फासलेला दगड आणि खाली दगडमातीचा चौथरा. शेताची राखण त्याच्याकडे. आमचं कुलदैवत तिकडे महाराष्ट्रात, पण जमीन माळव्यातली म्हटल्यावर भेरूजीही आमचाच. दादांनी नोकरी संपल्यापासून ह्या ओटल्याचं फार मनावर घेतलं होतं. चौथरा वाढवून बांधला, वर फरशा बसवल्या. रविवारी जावेच्या हातचा तुपात न्हालेला चुरमा, नारळ, भिजवलेले हरभरे, असा नैवेद्य. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून धूप. आणि ओटल्याच्या बुडाशी वाटीभर दूध, ते नागदेवतेला. बुडाशी भोकं होती आणि आत नाग राहतो असं दादांचं ठाम मत होतं. नाग कुणी पाहिला होता का? कुणीच नाही. पण दूध दुसऱ्या दिवशी संपलेलं असायचं, आणखी काय पुरावा हवा? त्यामुळे ती भोकं लिंपायची नाहीत, तिथे कुदळ लावायची नाही, असा नियम होता. आम्हीही तो डोळे मिटून पाळला.

कुत्रा मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच ओढ घ्यायचा. ओटल्याजवळ आला की पाय उचलून थिजायचा, मिशा थरथरायच्या. आणि आम्ही काय करायचो? देवाला पाय लावतोस का, म्हणून हे त्याचा कान धरायचे, आणि मी भेरूजीपुढे हात जोडून, मुकं जनावर आहे, पोटात घाल, म्हणून ओटल्यावर पाणी शिंपडायचे. एका रविवारी त्याने दादांच्या डोळ्यांदेखत फरशीखाली उकरायला सुरुवात केली. दादा असे भडकले की बोलायची सोय नाही. हे कुत्रं देवाची जागा बाटवतं, ह्याला इथे आणत जाऊ नकोस, म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली आणि कुत्र्याला स्कूटरला नेऊन बांधलं.

इकडे उंदरांचं काही केल्या सरेना. बांध साफ करावा, चार दिवस बरे जावेत, आणि पुन्हा नवी बिळं. कुठून येत होते कोण जाणे. दादांनी एका रविवारी शेतात फिरून सगळं पाहिलं आणि फैसला दिला. कुत्र्याबित्र्याचा खेळ पुरे झाला. पुढच्या रविवारी मी औषध आणतो, बांधावर आणि शेतात सगळीकडे टाकायचं, विषय संपला. बटाईदाराने मान डोलावली. त्याला तरी दोष कसा द्यायचा, त्याचं वर्षाचं धान्य त्यात होतं.

औषध म्हणजे विष. विष खाल्लेला एक उंदीर कुत्र्याच्या तोंडात गेला की कुत्रा गेला, हे मलासुद्धा कळत होतं. म्हणजे कुत्र्याला शेत बंद. कुत्र्याला शेत बंद म्हणजे तो फ्लॅटमध्ये राहणं शक्य नाही, त्याला महूला परत पाठवायचा. आणि कुत्रा गेला की हे शेतात जाणार नाहीत. पुन्हा टीव्ही, पुन्हा वाढलेली दाढी, पुन्हा न मागितलेला चहा. माझ्या डोळ्यांपुढे ते सगळं उभं राहिलं. दादांना उंदीर दिसत होते, मला माझा नवरा दिसत होता.

त्याच दिवशी दादांना बसवर सोडायला हे गेले आणि मी नैवेद्याचं ताट विसरले म्हणून ओटल्याकडे परत फिरले. दुपारची वेळ, सगळीकडे सामसूम. बघते तर भेरूजीच्या पुढ्यात एक धष्टपुष्ट उंदीर पंगतीला बसल्यासारखा बसलेला, दोन्ही हातांत चुरमा धरून खातोय. मी उभी आहे हे त्याने पाहिलं आणि खातच राहिला. तेवढ्यात बुडाच्या भोकातून दुसरा आला, दुधाच्या वाटीत तोंड घालून गेला. त्याच्यामागून तिसरा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बांधावर आम्ही धूर घालत होतो आणि ही मंडळी देवाच्या छपराखाली तुपातलं खाऊन पिल्लं वाढवत होती. कुत्रा रोज सांगत होता, आणि आम्ही रोज त्याचा कान पिळत होतो.

हे परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "दादाला कोण सांगणार?"

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. ह्यांचे वडील लवकर गेले, दादांनी ह्यांना वाढवलं. सायकल त्यांनी शिकवली, बँकेच्या परीक्षेला त्यांनी बसवलं, माझं स्थळही त्यांनीच पसंत केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, असं मी अधूनमधून बोलूनही दाखवते. दादा म्हणतील ती पूर्व दिशा, हा आमच्या घरचा कायदा. आणि आता त्यांना काय सांगायचं? तुम्ही ज्याला देवस्थान म्हणता ते उंदरांचं धर्मादाय अन्नछत्र आहे? मी म्हटलं, मी सांगते, वाईटपणा मी घेते. तर म्हणाले, तू नाही, माझा भाऊ आहे, माझं मी बघेन. आणि आठवडाभर काही बघितलं नाही. शेतात जाणं कमी झालं. शनिवारी सकाळी पाहिलं तर दाढी वाढलेली. मी काही बोलले नाही, आणि मी बोलत नाही तेव्हा घरात काहीतरी बिघडलेलं असतं हे कुत्र्यालाही ठाऊक होतं. तो माझ्या पायावर हनुवटी टेकून बसून राहिला. पहिल्यांदाच मी त्याला हाकललं नाही.

रविवारी दादा आले. एका पिशवीत चुरमा, दुसऱ्या पिशवीत विष. ओटला धुतला, शेंदूर लावला, नैवेद्य मांडला, गोवरी पेटवून तिच्यावर तूप सोडलं. कुत्रा लांब स्कूटरला बांधलेला, दोरी ताणून ओटल्याकडे बघतोय. बटाईदार औषधाची पिशवी हातात घेऊन उभा. आता पूजा आटोपली की फेरी सुरू होणार. मी मनात भेरूजीला म्हटलं, तुझ्या पायाशी चाललंय, तूच काहीतरी कर बाबा.

"दादा," हे म्हणाले, "आज धूप खालून देऊ या."

दादांना कळेना. ह्यांनी वाकून बुडाचं भोक दाखवलं. म्हणाले की आत नाग नाही, उंदीर आहेत, आणि शेतातले सगळे इथूनच जातायत. मध्ये एकदा अडखळले, पण वाक्य पूर्ण केलं. दादा लालबुंद झाले. देवाच्या ठिकाणी हे काय बोलतोस, उद्या नाग कोपला तर पिढ्यांना भोगावं लागेल, असं बरंच काही म्हणाले. ह्यांनी ह्या वेळी मान खाली घातली नाही. मग म्हणाले की नाग निघाला तर मी त्याच्या पाया पडेन आणि तू म्हणशील तिथे हे औषध माझ्या हाताने टाकेन. धूप तर देवाचाच आहे, वरून दिला काय आणि खालून दिला काय.

त्यावर दादा ओटल्याकडे वळले. भेरूजीला हात जोडून क्षमा मागितली आणि निखाऱ्याचं भांडं त्यांनी स्वतःच उचलून भोकाशी ठेवलं. देवाचं काम दुसऱ्याला करू देतील तर ते दादा कसले. हे कुत्र्याला सोडायला धावले. बटाईदाराने काठी घेतली. मी पदर खोचला आणि सरळ जवळच्या पाण्याच्या टाकीवर चढले. नागदेवतेबद्दल मला आदर आहे, पण तो मी उंचावरून दाखवते.

हे पुठ्ठ्याने वारा घालत होते. धूर आत जात राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. दादांच्या चेहऱ्यावर, बघ, मी म्हणत नव्हतो का, असं उमटायला लागलं. मग निंबाच्या मुळाशी गवतातून धुराची एक रेघ निघाली, मग फरशीच्या फटीतून दुसरी. कुत्रा पाय उचलून थिजला.

आणि उंदीर निघाले. ते जे निघाले ते निघतच राहिले. तुपावर पोसलेले, तुकतुकीत, एकेक असा की मांजराने वाट सोडावी. कुत्रा निंबापासून फटीपर्यंत आणि फटीपासून भोकापर्यंत असा फिरत होता की डोळा ठरेना. बटाईदार काठी आपटत नाचतोय, हे चिखलात गुडघे टेकून, तिकडे, डावीकडे, शाब्बास, म्हणून ओरडतायत. दादा आधी चार पावलं मागे सरले. मग त्यांच्या पायाशेजारून एक गेला आणि त्यांच्यातला लहानपणीचा कुणीतरी जागा झाला. अरे वो गया, उधर, पकड़ उसको, असं हातवारे करून कुत्र्याला सांगायला लागले. कुत्रा ढिम्म. हे हसत ओरडले की मराठीत सांग, त्याला हिंदी येत नाही. दादा म्हणाले, "पकड रे सोन्या, तो बघ माझ्या पायाशी," आणि कुत्र्याने तो त्यांच्या पायाशीच पकडला. मी टाकीवर बसून पोट धरून हसत होते. कित्येक दिवसांत मी तशी हसले नव्हते.

नाग निघाला नाही. धूर विरल्यावर दादांनीच एक फरशी उचलायला सांगितली. खाली कोठारच होतं: गव्हाच्या ओंब्या, हरभरे, नारळाची शकलं, आणि सगळ्यावर चुरम्याचा चुरा. दादांनी वाकून सगळं बघितलं. मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, तुझी वहिनी म्हणते मी नैवेद्य जरा जास्तच नेतो.

वाटलं, सुटलो. पण दादा ते दादा. हात धुतले आणि बटाईदाराला म्हणाले की हे ठीक झालं, आता औषधही टाकून घेऊ, एकदाचा निकाल लागेल. बटाईदाराने पिशवीचं तोंड सोडलं. मी टाकीवरून उतरत होते ती मध्येच थांबले.

हे उठून उभे राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कुत्र्याची दोरी.

"नको टाकूस, दादा," हे म्हणाले. "घरी बसून मी संपत चाललो होतो. सकाळी उठायला काही कारणच नव्हतं. हे शेत आणि हे कुत्रं, एवढंच आहे सध्या. ते काढून घेऊ नकोस."

मला वाटत होतं की हे फक्त मलाच दिसलंय, ह्यांना स्वतःला कळलेलंसुद्धा नाही. बटाईदार पिशवीकडे बघत उभा राहिला.

दादा ओटल्याच्या कडेवर बसले, उचललेल्या फरशीच्या शेजारी. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मग मी काय भेरूजीने बोलावलं म्हणून येतो? मला घरात बसवत नाही रे. रविवारची वाट बघत सहा दिवस काढतो."

मी त्या माणसाला लग्नापासून ओळखत होते. त्यांना घाबरत होते, त्यांच्यावर चिडत होते, त्यांची नक्कलही करत होते. पण त्यांचंही असंच होत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

ह्यांनी बटाईदाराच्या हातातून पिशवी घेतली, तिचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं आणि माझ्याकडे दिली. मग दादांच्या शेजारी जाऊन बसले. कुत्रा दोघांच्या मध्ये आडवा झाला, दमून.

"मग बुधवारी पण येत जा," हे म्हणाले. "मला माणूस कमी पडतो. एकट्याने दोन तोंडं सांभाळता येत नाहीत."

दादांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. बुधवारी सकाळी लवकरची बस असते का, ते आज इंदूरला उतरल्यावर विचारून ठेवायला हवं, म्हणाले.